देऊळ कोणी बांधले?



गेली तीस वर्षे मी भाषणे करीत आलो आहे, पण ती कारखान्याच्या दारात उभा राहून. तिथल्या सभेचा एक नियम असतो. पाळीचा भोंगा झाला की अर्धी सभा आत जाते, अर्धी घरी जाते आणि वक्त्याने रागवायचे नसते. इथे भोंगा नाही आणि आपल्याला बसायला खुर्च्या आहेत. तेव्हा आज माझ्यावर जबाबदारी अधिक आहे.

चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘जुनी देवळे आणि त्यांच्या कथा.’ त्यांना वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. मग त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, ‘म्हणजे देवळांत काम करणाऱ्या कामगारांविषयी का?’ मी म्हणालो, ‘देवळांत नव्हे, देवळांवर काम केलेल्या.’ तोच आजचा विषय आहे.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी पंडित नाही. माझी शाळा सातवीत सुटली आणि मी ओतशाळेत लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या वर्तमानपत्रांवर आणि गावच्या वाचनालयात. शिलालेख मला वाचता येत नाहीत. ज्यांनी ते वाचले, त्यांचे लिहिलेले मी वाचले आहे. संस्कृत येत नाही, कानडी येत नाही. एकच गोष्ट येते. कोणतेही काम पाहिले की ते करायला किती माणसे लागली असतील, त्यांना जेवायला कोण घालत असेल आणि पडझड झाली तर कोणाच्या अंगावर, हे प्रश्न मनात आपोआप येतात. ही माझ्या धंद्याची खोड आहे. तीच घेऊन मी देवळे हिंडलो.

तरुणपणी मी देवळांत जात नसे. नुसता जात नसे एवढेच नव्हे, तर जाणाऱ्यांची थट्टा करीत असे. देवळे म्हणजे राजांची चैन आणि पुजाऱ्यांची मिळकत, आणि त्यांच्या कथा म्हणजे भाबड्या माणसांना गप्प बसवण्याची युक्ती, असे माझे ठाम मत होते. ठाम मत असले की वाचनाचे कष्ट वाचतात. आमच्या युनियनमध्ये एक वृद्ध गवंडी होते. आम्ही सारे त्यांना आबा म्हणत असू. ते वारकरी, गळ्यात माळ. माझी असली भाषणे ते शांतपणे ऐकून घेत. एका रविवारी म्हणाले, ‘तू देवाला नमस्कार करू नको. पण अंबरनाथाला माझ्याबरोबर चल. काम बघायला चल.’

अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काळ्या दगडाचे, अंगभर कोरीव काम असलेले. सभामंडपातून गाभाऱ्यात जायचे तर पायऱ्या उतरून खाली जावे लागते. खाली पिंडीपाशी उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते, कारण शिखर डोक्यावर मिटलेले नाही. याची तिथली कथा अशी की, वनवासात असलेल्या पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधायला घेतले. शिखर पुरे व्हायच्या आत उजाडले, कोंबडा आरवला आणि काम अर्धे राहिले. मी ही कथा ऐकून हसलो. आबा हसले नाहीत. ते भिंतीपाशी गेले, दोन दगडांमधल्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘पांडव होते का नव्हते, मला काय ठाऊक? पण ज्यानं हा सांधा बसवला त्याच्या हातात ओळंबा होता आणि त्याला घाई नव्हती. एका रात्रीतलं काम असं नसतं, बाबा.’

मंडळी, मी जे हसण्यावारी नेले, ते त्यांनी अंगठ्याने तपासले. त्या दिवसापासून मी देवळे पाहायला लागलो.

आता हा ‘एका रात्रीत’चा प्रकार जरा नीट पाहू. महाराष्ट्रात फिरताना जुने दगडी बांधकाम दिसले आणि कोणी बांधले म्हणून विचारले, की बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक उत्तर पांडवांनी, दुसरे हेमाडपंताने. नाशिकजवळच्या डोंगरातली बौद्ध भिक्षूंची लेणीही लोकांनी पांडवलेणी करून टाकली. हेमाडपंत हा तर ऐतिहासिक पुरुष. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तो मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चुन्यावाचून दगडावर दगड बसवून केलेल्या सगळ्याच बांधणीला आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. पण अंबरनाथच्या देवळात शिलालेख आहे, तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा. हेमाडपंताच्या आधी दोनशे वर्षे! म्हणजे तो जन्मायच्या कितीतरी अगोदर त्याच्या नावाची देवळे उभी होती. मोठ्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचे काम जमा होण्याची रीत जुनीच आहे; कारखान्यातही ती आम्ही रोज पाहतो.

शिलालेखात काय आहे? राजाचे नाव आहे, त्याच्या प्रधानांची नावे आहेत. ते योग्यच आहे. पैसा त्यांनी दिला, हुकूम त्यांनी काढला. दगड वाहून आणणाऱ्यांची नावे नाहीत. म्हणजे कथेला विचारावे तर ती म्हणते पांडव, आणि लेखाला विचारावे तर तो म्हणतो राजा. दोघांनीही त्या सांध्यावर हात ठेवणाऱ्या माणसाला वगळले. पण कथेच्या बाजूने मी एक सांगेन. पुढे कधीतरी त्या देवळासमोर उभा राहिलेला शेतकरी आश्चर्याने थक्क झाला असेल. ‘हे काम माणसाच्या आवाक्यातले नाही,’ असे त्याला वाटले आणि त्याने पांडवांचे नाव घेतले. ती एका परीने त्या अनामिक गवंड्याला दिलेली दादच आहे. फक्त ती चुकीच्या पत्त्यावर गेली.

सगळ्याच कथा अशा पत्ता चुकलेल्या असतात का? नाही, हे मला वेरूळला कळले.

वेरूळचे कैलास लेणे हे बांधलेले नाही, कोरलेले आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते मुख्यतः घडले. डोंगरात वरून खाली खणत गेले, मध्ये दगडाचा एक प्रचंड ठोकळा शिल्लक ठेवला आणि त्या ठोकळ्यातून देऊळ काढले. अंगण सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागच्या बाजूला कडा शंभर फुटांहून अधिक उंच. काढून टाकलेला दगडच दोन लाख टनांच्या आसपास भरेल, असा अंदाज सांगतात. हा सारा दगड छिन्नी-हातोड्याने फोडून माणसांनी बाहेर वाहून नेला. आपण लेण्यात शिरलो की रावणाने कैलास हलवला ते शिल्प पाहतो, हत्ती पाहतो, ध्वजस्तंभ पाहतो. मी आधी तो रिकामा भाग पाहतो. तिथे जे नाही, ते काढायलाही कोणाचे तरी आयुष्य गेले आहे.

कृष्ण याज्ञवल्की या जुन्या मराठी कवीच्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथात या लेण्याची कथा आली आहे. राजा आजारी पडला. राणीने शंकराला नवस केला, ‘राजा बरा झाला तर तुझे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्न घेणार नाही.’ राजा बरा झाला. आता राणीचा उपास सुरू! कारागिरांना बोलावले. ते म्हणाले, ‘पाया, जोते, भिंती आणि मग शिखर; यांत महिने जातील.’ तोवर राणी कशी जगणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि म्हणाला, ‘आठवड्यात शिखर दाखवतो.’ त्याने डोंगर वरून कोरायला घेतला. पहिल्यांदा शिखरच बाहेर आले, राणीने ते पाहिले आणि उपास सोडला.

ही कथा ऐकून मी अंबरनाथसारखा हसलो नाही. कारण ती नवसाची कथा आहे हे खरे. पण तिच्या पोटात कामाची रीत जपून ठेवलेली आहे. बांधायचे देऊळ पायापासून सुरू होते, कोरायचे देऊळ शिखरापासून. वरून उतरत आल्यामुळे उंच परात लागत नाही. हे कोणा कीर्तनकाराला सुचलेले नाही. हे ज्याने डोंगर फोडला त्याचे ज्ञान आहे. आणि या कथेत अडचण सोडवतो तो देव नव्हे, राजा नव्हे, पुरोहित नव्हे. कोकस सोडवतो. शिवाय मध्य भारतातल्या अकराव्या ते तेराव्या शतकांमधल्या काही लेखांत आपण कोकसाच्या कुळातले आहोत असे सांगणारे कारागीर भेटतात. म्हणजे हे नाव कारागिरांमध्ये अभिमानाने घेतले जात होते.

राष्ट्रकूटांच्याच घराण्यातल्या कर्कराजाचा एक ताम्रपट आहे, इसवी सन ८१२-१३ चा. कृष्णराजाने एलापुराच्या डोंगरावर केलेल्या देवळाचे त्यात वर्णन आहे. देवसुद्धा ते पाहून चकित झाले, हे कवीने म्हणायचेच असते. पण त्यापुढे तो सांगतो की, ज्याने ते घडवले त्या शिल्पीलाच नवल वाटले की हे माझ्या हातून झाले तरी कसे, आणि पुन्हा असे काम करायचे बळ त्याच्यात उरले नाही. माझ्या वाचनात आलेला हा एक राजलेख असा आहे की ज्यात कारागिराचा थकवा नोंदला आहे. पगार किती दिला ते लिहिलेले नाही, पण थकला हे लिहिले आहे. चला, तेवढे तरी.

कैलासाची घडण कर्नाटकात मलप्रभेच्या काठी पट्टदकल येथे असलेल्या विरूपाक्षाच्या देवळाशी पुष्कळ मिळतीजुळती आहे, असे जाणकार सांगतात. म्हणून मी पट्टदकलला गेलो. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने पल्लवांची कांची जिंकली. त्या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने हे देऊळ आठव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस बांधवले. राजा कांची जिंकतो आणि तिथल्या देवळांच्या घडणीचा प्रभाव मलप्रभेकाठी येऊन पोचतो, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. पण मला तिथे भेटला तो गुंड.

दचकू नका. गुंड हे त्या सूत्रधाराचे नाव आहे. हल्लीच्या अर्थाने नव्हे. देवळाच्या दाराशी असलेल्या कानडी लेखांत त्याचे नाव आहे आणि त्याला ‘त्रिभुवनाचारी’ ही पदवी दिल्याचे लिहिले आहे. पदवी दिली, ठीक आहे. पण पंडितांनी त्या लेखाचा जो अर्थ लावला आहे तो वाचून मी वाचनालयात उभाच राहिलो. या प्रांतातल्या कारागीर लोकांवर बहिष्काराचे संकट आले होते आणि ते या गुंडाने टाळले, असा त्याचा तिथे गौरव आहे. मंडळी, हा बहिष्कार कोणी घातला, कशासाठी घातला, मजुरीवरून की जातीवरून, हे लेख सांगत नाही. पण बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी एका प्रांतातल्या कारागिरांचा समुदाय संकटात सापडतो, त्यांच्यातलाच एक जाणता माणूस त्यांच्या बाजूने उभा राहतो, त्यांना सोडवतो, आणि ही गोष्ट देवळाच्या दगडावर कोरली जाते! आमची चळवळ परवा-परवाची, असे मी समजत होतो. तिची वंशावळ पट्टदकलला भिंतीवर आहे.

याच्या अगदी उलट कथा कोणार्कची. ओरिसातले हे सूर्याचे देऊळ तेराव्या शतकाच्या मध्यात गंग घराण्यातल्या पहिल्या नरसिंहदेवाने बांधवले. आज मूळ शिखर पडलेले आहे. समोरचा मंडप उभा आहे. तिथली कथा अशी. बाराशे कारागीर बारा वर्षे खपले. सारे झाले, पण वरचा कळस काही केल्या बसेना. राजाने मुदत घातली, ‘अमुक दिवसांत कळस चढला नाही तर बाराशेंची डोकी उडवीन.’ मुख्य शिल्पी बिशू महाराणा. त्याचा मुलगा धर्मपद, तो घर सोडून गेला तेव्हा आईच्या पोटात होता. आता बारा वर्षांचा. तो बापाला भेटायला म्हणून आला, अडचण कुठे आहे ते त्याने ओळखले आणि रात्रीतून वर चढून कळस बसवला. आनंद व्हायचा, तो कारागीर आणखीच घाबरले. बाराशे माणसांना जमले नाही ते एका पोराने केले, हे राजाला कळले तर मग काय? तेव्हा धर्मपद पुन्हा शिखरावर चढला आणि त्याने समुद्रात उडी घेतली.

ओरिसात ही कथा पोरासोरांना माहीत आहे आणि ती त्यागाची कथा म्हणून सांगतात. धर्मपदाचा त्याग मोठा, यात वाद नाही. पण मला त्या कथेत एक जागा बोचते. बाराशे माणसे एका बाजूला, बारा वर्षांचा पोर दुसऱ्या बाजूला, आणि हिशेब चालला आहे तो या दोघांतच. मुदत घालणाऱ्या राजाला विचारायला कोणी जातच नाही. मुदत चुकीची असू शकते, हे कोणाच्या मनातच येत नाही. मी ही कथा दारसभेत पुष्कळदा सांगितली आहे. सांगून झाले की एवढेच विचारतो, ‘बाराशे होते ना?’ पुढे काही बोलावे लागत नाही. ही घटना जशीच्या तशी घडली असेल असे मी म्हणत नाही. पण मुदतीखाली काम करणाऱ्याच्या पोटातली भीती कशी असते, हे ज्याला ठाऊक होते त्यानेच ती पहिल्यांदा सांगितली असली पाहिजे.

आता एक गोष्ट सांगतो, ती देवळाची नाही. पण तिच्यावाचून पुढची कळणार नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात आमच्या भागात एका बांधकामावर भिंत कोसळली. पायासाठी चर खणला होता, शेजारी जुनी भिंत होती, तिला टेका दिलेला नव्हता. चार माणसे गेली. दोन बाया, दोन बाप्ये. मी कंत्राटदाराकडे हजेरीचे पुस्तक मागितले. त्या दिवसाच्या पानावर लिहिले होते, ‘बिगारी ४.’ नावे विचारली तर तो म्हणाला, ‘नाक्यावरची माणसे, रोज नवी. नावे कोण लिहीत बसणार?’

नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. पण त्याला माणूस कोण आणि त्याचे वारस कोण हे दाखवावे लागते. ‘बिगारी ४’ याला वारस नसतात. आबा आणि मी रोज पहाटे नाक्यावर जाऊन उभे राहत होतो. कोणाचा कोण, कुठल्या गावचा, कोणाबरोबर आला, विचारत होतो. दीड महिन्यात तिघांची नावे मिळाली, गावे मिळाली, माणसे आली. चौथी बाई राहिली. तिला सगळे ‘मावशी’ म्हणत. त्यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हते. तिची भरपाई कोणी मागितली नाही, कारण मागणार कोण?

‘नावे कोण लिहीत बसणार’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच्या आदल्याच वर्षी मी दक्षिणेत एका अधिवेशनाला गेलो होतो आणि वाट वाकडी करून तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ पाहिले होते. तंजावरला आपले भोसले राज्य करीत होते. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत त्या देवळाच्या भिंतीवर कोरवला आहे. तो पाहावा म्हणून गेलो होतो. पण तिथल्या एका माहीतगाराने मला त्याहून आठशे वर्षे जुना तामिळ लेख दाखवला. राजराज चोळाने १०१० साली हे देऊळ पुरे केले. देवळाच्या सेवेसाठी चारशे स्त्रिया निरनिराळ्या गावांच्या देवळांतून आणून वसवल्या. त्या चारशेजणींची नावे भिंतीवर कोरलेली आहेत! कोणत्या आळीत, कितव्या घरात कोण राहते आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात, हेही कोरले आहे. त्यांना इथे यायचे होते की नव्हते, हे कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या जिण्याचे मी गोडवे गात नाही. पण हजार वर्षांपूर्वी, दगडावर, छिन्नीने, चारशे नावे लिहिणे शक्य होते. आणि १९९९ साली, कागदावर, पेन्सिलीने, चार नावे लिहिणे शक्य नव्हते.

त्या वर्षीच्या कार्तिकीला आबा मला पंढरपूरला घेऊन गेले. या वेळी ‘काम बघायला चल’ म्हणाले नाहीत. नुसते ‘चल’ म्हणाले.

पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. लाखो लोक तिथे माथा टेकतात. चोखोबांची कथा आपल्याला ठाऊक आहे, पण मी ती माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीने महार, म्हणून देवळात प्रवेश नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालले होते, तिथे ते इतर मजुरांबरोबर राबत होते. कूस कोसळले आणि माणसे त्याखाली गाडली गेली. शके १२६० ची, म्हणजे इसवी सन १३३८ ची ही गोष्ट मानतात. पुढे नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातली हाडे कोणाची, कशी ओळखणार? त्यांनी एकेक हाड कानाशी लावले. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले, ती चोखोबांची. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारी समाधी दिली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि तरुणपणी तिच्यावरही हसलो होतो. हाडे काय बोलतात! त्या दिवशी मी हसू शकलो नाही. मला दिसले ते हे, की एका बांधकामावर भिंत पडते, हजेरीचे पुस्तक नसते, आणि एक शिंपी पंढरपूरहून चालत येऊन, ढिगाऱ्याशी बसून मेलेल्यांची ओळख पटवतो. आबा आणि मी नाक्यावर तेच करीत होतो. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या देवळाच्या दारात ज्याची समाधी आहे, तो बांधकामावरच्या अपघातात गेलेला मजूर आहे. हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. माझी सारी हयात ज्या कामात गेली, त्याची कथा त्या पायरीशी होती आणि मी तिची थट्टा करीत होतो.

मी आबांना विचारले, ‘त्या कुसाखाली आणखी माणसे होती ना? त्यांच्या हाडांचे काय झाले?’ आबा थोडा वेळ समाधीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘ते मला कुणी सांगितलं नाही,’ आणि दर्शनाच्या रांगेकडे चालू लागले.

मंडळी, हा प्रश्न माझ्याजवळ तसाच आहे. चोखोबांना नामदेव भेटले. बाकीच्या मजुरांना कोणी भेटले नाही. आमच्या मावशीलाही भेटले नाही. आणि चोखोबांना तरी काय मिळाले? दाराबाहेरची जागा. त्यांच्या जातभाईंना ते दार उघडायला सहाशेहून अधिक वर्षे लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कुठे उघडले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. म्हणजे ज्या कथेवर मी हसत होतो, तिच्या नायकाचे नाव त्या विद्वानाने आपल्या पुस्तकाच्या आरंभी लिहिले.

आता माझ्यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. भाविक मंडळी म्हणतील, ‘देवाच्या दारी जाऊन हा माणूस मजुरीचे हिशेब करतो.’ त्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की, ज्या हातांनी देवाची मूर्ती घडवली, ते हात आठवल्याने देवाला राग येईल असे मला वाटत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण दगडाविषयी म्हणतो. टाकी ज्याच्या हातात होती त्यानेही काही सोसलेच असेल. दुसऱ्या बाजूने माझे जुने सोबती म्हणतील, ‘म्हातारपणी हा भाकडकथांच्या नादी लागला.’ त्यांना मी सांगतो, कथा खरी की खोटी हा प्रश्न जरूर विचारा. अंबरनाथचे देऊळ पांडवांनी बांधले नाही, हे मीच आत्ता सांगितले. पण तिथेच थांबू नका. ज्यांना शिलालेख कोरवता येत नव्हते, त्यांच्याजवळ कथेशिवाय दुसरी वही नव्हती. त्या वहीत जमाखर्च चुकलेला असेल, तारखा चुकलेल्या असतील. पण कोकस तिथे आहे, धर्मपद तिथे आहे, चोखोबा तिथे आहेत. वही फाडून टाकली तर ती नावेही गेली.

शेवटी एक विनंती आहे. आपल्याकडे देवळांना दान दिले की नाव कोरण्याची पद्धत जुनी आहे. पंढरपूरच्या देवळात चौऱ्यांशीचा लेख म्हणून प्रसिद्ध असलेली शिळा आहे, शके ११९५ ते ११९९ या काळातली. तिच्यावर देणगीदारांचीच यादी आहे. आजही आपल्या गावात कुठे ना कुठे जीर्णोद्धार चालू असेल. तिथे संगमरवरी पाटी लागेल, अमक्याचे पाचशे एक, तमक्याचे पाच हजार. लागू द्या. त्या पाटीवर खाली एक ओळ मोकळी ठेवा आणि ज्यांनी काम केले त्या गवंड्यांची, पाथरवटांची आणि बिगाऱ्यांची नावे लिहा. खर्च फारसा येणार नाही.

हे मी लोकांना सांगतो आहे, तेव्हा माझेही सांगायला हवे. आमच्या युनियनच्या कचेरीची इमारत उभी राहिली तेव्हा आम्ही कोनशिला बसवली. तिच्यावर उद्घाटकांचे नाव होते, अध्यक्षांचे होते, माझे होते. बांधकाम आबांनी आणि त्यांच्या सहा माणसांनी केले होते. त्यांतल्या कोणाचे नाव नव्हते, आणि ती चूक माझ्या लक्षात यायला चार वर्षे लागली. मग आम्ही शेजारी दुसरी फरशी बसवली. तिच्यावर सात नावे आहेत. आबा तोवर गेले होते.

देवळे पाहायला जरूर जा. देवाला नमस्कार करा, कथा ऐका, शिल्पे पाहा. निघताना मात्र एकदा भिंतीपाशी जा आणि दोन दगडांमधल्या सांध्यावरून अंगठा फिरवा.